विश्रांती: शून्य

गल्लीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे ‘सोळाशे’ म्हणत. ‘सोळाशेकडे टाक गाडी’, ‘सोळाशे आहेत का गॅरेजात?’ हे एकोणीस वर्षं चालू होतं. चोवीस तासांत मोटरसायकलवर सोळाशे किलोमीटर कापल्याचं प्रमाणपत्र गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीच्या वर, काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं गिऱ्हाईक त्याला ते कौतुकानं दाखवायचं आणि हा खाली बसून चेन घासता घासता ‘अहो, जाऊ द्या हो’ म्हणायचा. लोकांना वाटे, काय विनय आहे माणसात! विनय कसला, डोंबल. ती चौकट नजरेसमोर नको, म्हणून तो कायम तिच्याकडे पाठ करून बसायचा.

आणि एके दिवशी सुनेनं जेवताना जाहीर केलं, “बाबा, मी पण करणार. सोळाशे.”

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. बायकोनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात, त्याला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, “घरात गुरू आहे, मग काळजी कसली?” गुरू!

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. नळीवरची चिठ्ठी चुकली तर एका माणसाचा आजार दुसऱ्याला चिकटतो, हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरातल्या डाळीच्या डब्यावरही ती तारीख लिहायची. तिनं तयारीही तशीच मांडली. या प्रवासाचे नियम साधे होते. निघताना आणि परतताना एका साक्षीदारानं मीटरचा आकडा बघून सही करायची; साक्षीदाराची सही प्रमाणपत्रावरही असायची. वाटेत जिथे पेट्रोल भराल तिथली पावती घ्यायची आणि प्रत्येक थांब्याची वेळ नोंदवहीत लिहायची. आठशे किलोमीटर जायचं, तिथल्या पंपाची पावती घ्यायची आणि आल्या रस्त्यानं परत यायचं. तिनं सासऱ्याची जुनी नोंदवही माळ्यावरून काढली, तिची प्रत काढली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवली. सर्वात खालच्या ओळीत, त्याच्याच वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: ‘विश्रांती: शून्य.’

आता रोज सकाळी चहाची कपबशी काढायची तर त्या दारालाच हात लावावा लागे.

तिचा सगळा आराखडा त्या कागदावर उभा होता. तो अमुक वेळी अमुक ठिकाणी होता, म्हणजे आपणही असायला हवं. तो झोपला नाही, म्हणजे झोपायची गरज नाही. त्यानं तिच्या गाडीसाठी जे जे करता येईल ते केलं. सीट बदलून रुंद बसवली, हँडल दोन बोटं वर घेतलं, पुढचा दिवा बदलला, टायर नवे घातले. हातानं जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगून झालं. तोंडानं सांगायचं तेवढं राहिलं होतं.

एकदा त्यानं क्लचची वायर ओढता ओढता सहज बोलल्यासारखं केलं, “मध्ये तासभर आडवी हो कुठेतरी. पंपावर खोली असते.”

“तुम्ही झाला होतात?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? तुमची गाडी तर माझ्या गाडीहून जुनी होती. बाबा, मी बाई म्हणून सांगताय का हे?”

“नाही गं, तसं नाही.”

“मग?”

त्यानं पाना उचलला. वायर ताणून बसवली, पुन्हा सैल केली, पुन्हा ताणली. आपण या पोरीला मरणाच्या दारात धाडतोय आणि वर तिच्या गाडीला तेल देतोय, हे त्याला कळत होतं. कळून वळत नव्हतं, कारण वळायचं तर एकोणीस वर्षांवरून वळायला लागलं असतं.

मग तिनं सराव केला. सहाशे किलोमीटरचा. शनिवारी संध्याकाळी निघाली, रविवारी सकाळी सातला परत यायची होती. तो सहापासून गॅरेजचं शटर वर करून बसला होता. सातला गाडी आली. डाव्या बाजूचा लेगगार्ड घासला गेला होता आणि आरसा तुटून लोंबत होता. तिनं हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा रडून सुजलेला दिसला.

“लागलं का कुठे?”

“नाही. बाबा, शटर खाली घ्या ना जरा.”

त्यानं अर्धं खाली घेतलं. ती टायरच्या ढिगावर बसली.

“माझा डोळा लागला,” ती म्हणाली. “चालत्या गाडीवर. दोन सेकंद असेल, तीन असेल. जाग आली तेव्हा रस्त्याकडेच्या कठड्याला घासत चालले होते. तुम्ही सोळाशे केलेत आणि मला सहाशेसुद्धा नीट जमले नाहीत. लाज वाटते हो मला. आईंना सांगू नका. यांना तर नकोच नको.” मग तिनं जॅकेटच्या खिशातून नोंदवही काढून त्याच्या हातात दिली. “लिहिलंय मात्र मी. खोटं कसं लिहिणार?”

त्यानं उघडून पाहिलं. ‘पहाटे ४.१०. गाडीवर झोप लागली. गाडी घासली. चूक माझी.’ अक्षर थरथरलेलं होतं, पण एकही शब्द खोडलेला नव्हता.

“मी जागायची सवय करते,” ती म्हणाली. “रात्रपाळ्या मागून घेते महिनाभर. रात्री काम, दिवसा गाडी. होईल सवय. तुम्हाला झाली होती तशी.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तकात लोक धरणी दुभंगून पोटात घे म्हणतात, तसली काही सोय गॅरेजच्या फरशीत नव्हती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. उभं राहून सांगायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

“नाही झाली,” तो म्हणाला. “मला नाही झाली सवय. मी झोपलो होतो.”

तिला वाटलं, तिची समजूत घालतोय. “असू द्या बाबा.”

“ऐक. मी पण झोपलो होतो, गाडीवरच. गाडी रस्ता सोडून खडीत गेली आणि आपोआप थांबली, म्हणून वाचलो. मग तिथेच पडलो आणि अडीच तास उठलो नाही. उठलो तेव्हा हात असे थरथरत होते की किल्ली फिरवता येईना. पुढे गेलोच नाही मी. तिथूनच परत फिरलो.”

सून त्याच्याकडे बघत राहिली. तिनं रडणं थांबवलं होतं.

“कितव्या किलोमीटरला?” तिनं विचारलं. आवाज लॅबमधला होता.

“सहाशे साठ.”

“वेळ?”

“साडेतीन.”

“आणि आठशेवरची पावती?”

“एक ट्रकवाला तिकडून येऊन तिथे थांबला होता. त्याच्याकडची घेतली. हातानं लिहिलेली असायची तेव्हा. वेळेची जागा कोरी होती. मी भरली.”

“मीटर?”

हेच सांगणं सर्वात अवघड होतं. बाकीचं सगळं झोपेनं, भीतीनं, थकव्यानं घडलं असं म्हणता आलं असतं. हे मात्र त्यानं पूर्ण शुद्धीत, आपल्याच गॅरेजात, आपल्याच अवजारानं केलं होतं. लोक गाडी विकताना मीटर मागे फिरवतात. त्यानं पुढे फिरवलं होतं. दुपारी अडीचला मागच्या दारानं गुपचूप आत आला, चाकापासून मीटरची केबल सोडवली, तिचं टोक ड्रिल मशीनमध्ये पकडलं आणि दोन तास फिरवत बसला. गाडी स्टँडवर जागच्या जागी उभी आणि काटा एकशेचाळीसवर! हातात मशीन तापलं की थांबायचं, फुंकर मारायची, पुन्हा सुरू. दोनशे ऐंशी किलोमीटर भरले, तेव्हा केबल जोडली, तोंडाला धूळ फासली आणि नाक्यावरच्या पंपावर जाऊन शेवटची पावती घेतली. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तो दारात हजर झाला होता, आणि गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं होतं.

त्यानं हे सगळं सांगितलं. धूळ फासल्याचंही सांगितलं.

सुनेनं आपली वही त्याच्या हातून परत घेतली. मग म्हणाली, “दोन महिने मी स्वतःला भित्री म्हणतेय. तुमच्या त्या एका ओळीपायी.”

“माझं चुकलं.”

“माझ्या लॅबमध्ये असा रिपोर्ट कुणी दिला असता ना बाबा, तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.”

ती उठून घरात गेली. कपाटाच्या दारावरून कागद ओढल्याचा आवाज त्याला गॅरेजात ऐकू आला.

आता बायकोला सांगणं आलं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यानं मान खाली घालून सुरुवात केली, तशी ती चिमटे तोंडातून काढत म्हणाली, “ड्रिलचा आवाज स्वयंपाकघरात येतो अहो. तेव्हाही येत होता.”

“तुला माहीत होतं?”

“खिडकीतून पाहिलं मी. गाडी उभी आणि तुम्ही मशीन धरून बसलेले. पाचला येऊन म्हणालात, आकडा लिहिलाय, सही कर. केली. साक्षीदार मीच होते ना?” तिनं एक ओली चादर झटकली. “एकोणीस वर्षं लोक तुमचं कौतुक करतात आणि माझी सही त्या काचेमागे बसून ऐकते. तुम्ही एकदा तरी म्हणाल, तुझ्याकडून खोटं करवून घेतलं मी. वाट बघून बघून कंटाळले.”

हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. एवढी वर्षं तो आपल्या एकट्याच्या पापाचं ओझं वाहतोय असं समजून स्वतःची थोडी कीवही करत आला होता. बायकोचं नाव त्याच कागदावर खाली कोपऱ्यात होतं, आणि त्याला ते पुसायच्या फडक्याखालीसुद्धा कधी दिसलं नव्हतं. तो चादरीचं दुसरं टोक धरायला पुढे झाला. तिनं धरू दिलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकट उतरवली. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाला पत्र लिहून ते परत पाठवलं. भिंतीवर तेवढा चौकोन पांढराशुभ्र राहिला आणि आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरू लागला. जो येईल तो विचारायचा. तो सांगायचा, “खोटं होतं. तेराशे वीसच झाले होते.” पहिल्या गिऱ्हाइकाला वाटलं, थट्टा चाललीय. दुसऱ्यानं ‘किती साधेपणा!’ म्हणून पाठीवर थाप मारली. लबाडी एका दमात पटली होती; खरं पटवायला त्याला प्रत्येकासमोर ड्रिल मशीन काढून दाखवावं लागलं. मग पटायचं. मग ते लोक घाईघाईनं निघून जायचे, आणि एकदोघं गाडी घेऊन पुन्हा आलेच नाहीत. मीटरला हात लावणारा मिस्त्री इंजिनला काय करत असेल, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

सून तीन दिवस कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी कपाटाच्या दारावर नवा कागद लागला. त्यावर सहाशे किलोमीटरच्या थांब्यापुढे लिहिलं होतं: ‘विश्रांती: पंचेचाळीस मिनिटं.’ गॅरेजच्या दारात येऊन ती म्हणाली, “आरसा नवा बसवा. आणि साक्षीदार आई असतील.”

“बरं,” तो म्हणाला.

महिनाभरानं, एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ती निघाली. रविवारी दुपारपासून नवराबायको दारात खुर्च्या टाकून बसले. साडेचार झाले, पाच झाले. पाचची वेळ टळली तसा तो उठून रस्त्यापर्यंत जाऊन आला. पुन्हा गेला. साडेपाचला त्यानं मनातल्या मनात कबूल केलं की तिला काही झालं असेल तर ते आपणच केलं, भले तिनं पंचेचाळीस मिनिटं लिहिलेली का असेनात. बायकोच्या हातातलं पेन ओलं झालं होतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी वळणावर दिसली. आरसा शाबूत होता. लेगगार्डही.

ती उतरली आणि हेल्मेट काढून हसली. “गजर वाजला, मी तो बंद केला आणि पुन्हा झोपले. जवळजवळ दोन तास! काय झोप लागली म्हणून सांगू. पंचवीस तास दहा मिनिटं झाली बाबा. गेलं प्रमाणपत्र. आई, भूक लागलीय.”

तिनं वही काढून गाडीच्या सीटवर पसरली. सगळं लिहिलेलं होतं, झोपेचे दोन तासही, मिनिटांसकट. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्याला रडायचाही हक्क नाही असं वाटून तो मीटरकडे बघू लागला.

बायकोनं वही हातात घेतली. “अहो, आकडा वाचा. मोठ्यानं.”

“चौदा हजार चौदा,” तो म्हणाला.

“निघताना बारा हजार चारशे सहा होता,” सून म्हणाली. “सोळाशे आठ झाले.”

बायको लिहायला वाकली आणि थांबली. तिनं कनवटीचा चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर लावला आणि मीटरवर वाकून एकेक आकडा बोट लावून स्वतः वाचला. मग सही केली.