दहावी चूल

आमच्या मास्तरांच्या गणिताला आग लागो. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणलंय, म्हणून हितंबी म्हणते.

मास्तर म्हंजे माझं मालक. सांगलीच्या कॉलेजात दोन वर्सं काढून मलकापूरच्या शाळंत लागल्यालं. लढाई चालली व्हती, कापड समदं कंट्रोलात, आन त्यातच आमच्या लेकीचं, रंगूचं लगीन मिरजंच्या पावण्यांकडं ठरलं. पोरीला एक नवं लुगडं पायजे, बाकी कायबी नको. पर बाजारात लुगडं सोडा, चिंधी मिळंना.

मंग आमच्या आळीला सरकारी तीन लुगडी आली. आळीत चुली नऊ. तलाठ्यानं सांगितलं, चुलीमागं एक चिठ्ठी टाकायची, त्यातल्या तीन उचलायच्या. कुणाच्या घरात लगीन हाय, त्याचं त्याला काय देणंघेणं न्हाई. जिथं धूर दिसंल ती चूल, म्हणला. धाकटा दीर भाऊसो आन त्याची बायकू मनुबाई आमच्यातच जेवत, म्हणून चिठ्ठी आमची एकच.

मास्तरांनी पाटी घेतली. नवातनं तीन चिठ्ठ्या चौऱ्याऐंशी तऱ्हांनी निघत्यात म्हणं, त्यातल्या अठ्ठावीस तऱ्हांत आपलं नाव. म्हंजे तिसरा हिस्सा. भाऊसोनं चूल येगळी मांडली तर चिठ्ठ्या दहा. दहातनं तीन एकशेवीस तऱ्हांनी निघत्यात. आपल्या दोन सोडल्या तर उरत्यात आठ, त्यातनं तीन निघायच्या तऱ्हा छप्पन्न.

"म्हणजे राहिलेल्या चौसष्ट तऱ्हांत आपल्या दोनातली एक तरी निघणारच," मास्तर म्हणलं. "अर्ध्याच्या वर झालं की गं!"

मला डोंबल कळलं. पर अर्ध्याच्या वर एवढं कळलं, आन मी भुलले.

मनुबाईला कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई. परड्यात तीन दगडं मांडली, चार भांडी दिली आन सांगितलं, चिठ्ठी निघस्तवर हितं रांध. तिनं निमूट रांधलं. दोन-चार दिसांत तिकडनं नवरा-बायकूचं हसणं ऐकू याया लागलं. माझ्या चुलीम्होरं ती कवा हसल्याली मला आठवंना. राग आला, पर गिळला. लुगडं हातात येस्तवर गिळायचाच व्हता.

चावडीम्होरं चिठ्ठ्या उचलल्या. पैली नाथाजीची, दुसरी वजीर तांबोळ्याची, तिसरी भाऊसोची. मास्तर माझ्याकडं बघून असं हसलं, जणू लुगडं त्यांनीच इणलं. घरी आल्या आल्या मी हात पुढं केला. मनुबाईनं लुगडं छातीशी धरल्यालं. तिच्या अंगावरच्या लुगड्याला ठिगळावर ठिगळ व्हतं. ते मला आधी दिसलं न्हवतं असं न्हाई.

"आक्का, चूल येगळी झाली न्हवं? मंग लुगडंबी येगळं," ती म्हणली.

मी लय बोलले, तिचं माहेर काढलं. मास्तरांना म्हणलं, सांगा की तुमच्या भावाला काय तरी. तर मास्तर म्हणत्यात, गणित काय चुकल्यालं न्हाई. घ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाटी त्यांच्या पुढ्यात आपटली.

"त्या चौसष्टात आपल्या ह्या चुलीची चिठ्ठी किती येळा? भाऊसोची निघू दे न्हाईतर न निघू दे."

मास्तर बराच येळ मांडत बसलं. "छत्तीस," म्हणलं.

"एकशेवीसात?"

"हो. तिसरा हिस्सा व्हायला चाळीस लागतात."

म्हंजे चूल एक व्हती तवा जेवढी आशा व्हती, तीबी ह्या शिकल्या माणसानं आपल्या हातानं कमी केली. आन परड्यातली ती दगडं मांडणारी मी! पाटीवर 'आपल्या दोन' लिवताना मास्तरांनी मनुबाईला आपल्यात धरलं. घरात तिला आपल्यात कोण धरत व्हतं? कुणाला बोलावं तेच कळंना, म्हणून रातीला कुणालाच जेवाया वाढलं न्हाई.

रंगू माझ्याच लग्नातल्या लुगड्यात उभी ऱ्हायली, फाटकी बाजू निऱ्यांत दडवून. मनुबाई आली नवं नेसून. अक्षता पडल्यावर ती पदर खोचून वाढाया येईल, म्हणून मी भाताचं घमेलं तिच्याकडं सरकवलं. तिनं ते बघितलं, आन पावण्यांच्या पंगतीत जाऊन बसली. वाकून तिच्या पत्रावळीवर भात मीच वाढला.