चार बैठकांत संपलेला कण

मित्रांनो, अंगठ्याच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा आहे मी. वयाने जुना, अंगाने पिवळट आणि आतून रिकामा. जन्मतः मी रिकामा नव्हतो. एका बाईच्या फुप्फुसात सुई घालून काढलेला, तांदळाच्या दाण्याहून लहान असा मांसाचा कण माझ्या पोटात होता. तो नासू नये म्हणून त्यावर वितळलेले मेण ओतले, ते थिजले, वर क्रमांक पडला. हाच माझा जन्म.

माझे काम काप देणे. केसाहून बारीक काप काढून ते काचेवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. परंतु ठोकळा यंत्रावर नव्याने बसवला की त्याचा पृष्ठभाग पात्याशी जुळवण्यासाठी आधी दहा-बारा काप तासून टाकावे लागतात. ते कचऱ्यात जातात. म्हणून शहाणा माणूस लागतील तेवढे सगळे काप एकाच बैठकीत काढतो. आमचे पाते चालवणारे काका असे शहाणे होते.

पहिल्याच दिवशी ते विभागप्रमुखांना म्हणाले, “साहेब, कण अगदी बारीक आहे. पुढे काय काय लागणार ते आत्ताच सांगा, एका दमात काढून ठेवतो. जीन टेस्टचे पण.”

“काका, तुम्ही पातं चालवा. डोकं चालवायला आम्ही आहोत.”

त्या डोक्याने मला चार वेळा यंत्रावर चढवले. पहिल्यांदा कर्करोग आहे की नाही हे पाहायला. दुसऱ्यांदा तो कोणत्या जातीचा ते ठरवायला. तिसऱ्यांदा प्रमुखांना आपल्या व्याख्यानासाठी देखणे चित्र हवे होते. सभागृहात माझ्या कापाची वाहवा झाली आणि मी हरखलो, हे कबूल करतो. चौथ्यांदा, जनुकांच्या तपासणीसाठी मला चढवले, तेव्हा पात्याखालून नुसते मेण आले.

वास्तविक तीच तपासणी त्या बाईचे पुढचे आयुष्य ठरवणार होती. तिच्या रोगाच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडला असता, तर रोज एक गोळी घेऊन ती काही वर्षे जगण्याची आशा होती. बदल नसेल, तर तीच गोळी व्यर्थ. हे पाहिल्यावाचून डॉक्टर ती गोळी देत नाहीत.

धाकट्या बहिणीचा हात धरून, धापा टाकत ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली. मी टेबलावरच होतो.

“नमुना अपुरा आहे,” प्रमुख म्हणाले.

“अपुरा? सुई तर चांगली दोनदा घातलीत की! मग गेला कुठे?”

प्रमुख कागद चाळू लागले. काकांनीच मान खाली घालून चारही बैठका सांगितल्या.

“मी लहान मुलांचे कपडे शिवते, साहेब,” ती म्हणाली. “कापड तोकडं असलं की बाह्या, गळा, खिसा, सगळं आधी बेतते आणि मगच कात्री लावते.”

“बाई, हे काही फडकं नव्हे.”

“नाहीच. फडकं दुकानात परत मिळतं.”

“ताई, तू बस बघू. बोलू नकोस,” बहीण म्हणाली.

पुन्हा सुई घालण्याजोगे फुप्फुस उरले नव्हते. रक्तातून त्या बदलाचा शोध घेतला, काही हाती लागले नाही; आणि हाती न लागणे म्हणजे नसणे नव्हे, एवढा साधा तर्कही तिला कोणी सांगितला नाही. सरसकट देतात ते औषध तिला दिले. केस गेले, अन्न गेले, तिसऱ्या महिन्यात ती गेली. ती गोळी तिला लागू पडली असती काय? मलाही ठाऊक नाही. उत्तर तासलेल्या कापांबरोबर कचऱ्यात गेले.

महिन्याभराने धाकटी एकटीच आली. “तो ठोकळा मला द्याल? त्यात ताईचं थोडं काही असेल.”

“देता येत नाही. नियमाने दहा वर्षं जपावा लागतो,” प्रमुख म्हणाले. “आमच्याकडे कुणाचाही नमुना वाया जात नाही.”

काका पाठ फिरवून पाते पुसत राहिले.

तेव्हापासून मी कपाटात आहे. दरवर्षी तपासनीस येतो आणि माझ्या क्रमांकापुढे ‘सुस्थितीत’ असे लिहितो. मित्रांनो, कोणाचे थोडेसे, पुन्हा न मिळणारे असे काही तुमच्या हाती आले, तर पाते लावण्यापूर्वी थांबा. ते आणखी कशाकशाला लागणार आहे, हे विचारा, आणि ज्याचे आहे त्यालाही विचारा. संपल्यावर जपणे फार सोपे असते. माझी किती निगा राखतात, पाहा.