उघडी कानशिलं

प्रतिभाने उशीचा अभ्रा खिडकीबाहेर धरून पुन्हा पुन्हा झटकला, तरी कापडात रुतलेले बारीक केस निघेनात. शेवटी ती ते नखांनी वेचत बसली. तिला शिसारी आली. नवऱ्याचे केस म्हणून नव्हे, सुतकात कापलेले केस म्हणून.

निफाडचे भिमाजीकाका जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. अमोलचा बाप लवकर गेला तेव्हा याच चुलत्याने त्याला वाढवलं, आयटीआयला घातलं. दहाव्याला घाटावर सगळी भावकी वस्तऱ्याने डोकी करणार. तोवर दाढीलासुद्धा कुणी पातं लावत नाही. आणि हा बाबा काल अंबडला कंपनीतून आला तो कानांच्या वर गुळगुळीत होऊन!

“भावकीला काय तोंड दाखवणार आहात?”

अमोल बूट घालत होता. “टोपी घालीन.”

“ज्यांनी वाढवलं त्यांच्यासाठी दहा दिवस दम निघाला नाही? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.”

आरशापुढे मान इकडे-तिकडे वळवून त्याने दोन्ही कानशिलं पाहिली आणि तो कामाला निघून गेला.

दिवाळीपासून हे सुरू होतं. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि सलूनमध्ये मोबाइलवर कुण्या पोराचा फोटो दाखवून फेड कट मारून घ्यायचा. खाली कातडी दिसेल इतकं साफ, वर चढत चढत दाट, माथ्यावर काळाकुळकुळीत कलप. दर पंधरवड्याला पुन्हा तेच. मध्येच खुंट दिसू लागले की बाथरूममध्ये मशीन घेऊन बसायचा, आणि बेसिनमध्ये साबणात कालवलेल्या केसांचा गाळ ठेवून जायचा. तो प्रतिभाला बोटाने काढावा लागायचा. “भावजी हिरो झालेत बाई, लक्ष ठेवा,” शेजारची अंजली म्हणाली होती. प्रतिभा तिच्यासोबत हसली आणि घरात येऊन तिने बेसिन पुन्हा घासलं. म्हातारचळ म्हणतात तो हाच. कुणीतरी असणार.

आज तिने अभ्रा तिथेच टाकला, चपला सरकवल्या आणि त्याच्या मागोमाग रिक्षा धरली. एकदाची ती सटवी डोळ्यांनी बघायचीच होती.

अमोल आपल्या कंपनीच्या गेटात वळलाच नाही. पुढच्या एका शेडपाशी माणसांची रांग होती, तिच्यात जाऊन तो उभा राहिला. बाई कुठे औषधालाही नव्हती. चहाच्या टपरीआडून प्रतिभा बघत राहिली. ठेकेदाराचा माणूस, बाजारात बैलाचे दात बघावेत तसा, एकेकाला न्याहाळत येत होता.

“टोप्या काढा.”

अमोलच्या पुढच्या माणसाची कानशिलं पांढरी होती.

“काका, तुम्ही घरी जा. चाळिशीच्या आतले पाहिजेत.”

“साहेब, अडतीसच चालू हाय.”

“मग हे काय उन्हानं पिकलं?” रांगेत कुणीतरी हसलं. तो माणूस टोपी चुरगाळत बाजूला झाला.

अमोलने पोट आत ओढलं, कानशिलांवरून तळवे फिरवले. “चौतीस,” तो म्हणाला. ठेकेदाराच्या माणसाने त्याची हनुवटी धरून मान वळवली, कानाच्या वर पाहिलं आणि पाठीवर थाप मारून त्याला आत ढकललं.

“रोज असंच असतं?” तिने टपरीवाल्याला विचारलं.

“दिवाळीला इथल्या कंपन्यांनी कायमची माणसं काढली ना ताई. आता रोज निवडून घेतात.”

हनुवटी धरणाऱ्या त्या हाताची तिला किळस आली. मग स्वतःची, सवतीला शोधत इथवर आली म्हणून. संध्याकाळी तिने त्याला काही विचारलं नाही. बेसिन तेवढं निमूटपणे धुतलं.

दहाव्याला घाटावर भावकी ओळीने बसली होती, सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. भिमाजीकाकांच्या मुलाचं, ज्ञानेशचं, डोकं झालं आणि न्हाव्याने अमोलला बोलावलं. अमोलने टोपी काढली. सगळ्यांच्या नजरा त्याच्या कानशिलांवर गेल्या.

“सुतकात कापले?” ज्ञानेश म्हणाला. “माझ्या बापासाठी एवढं बी नाय झालं तुला?”

एक जण बाजूला थुंकला. अमोल मान खाली घालून न्हाव्यापुढे बसला. न्हाव्याने त्याच्या माथ्यावर पाणी मारलं. तुळतुळीत डोक्यावर आठवड्यात पांढरे खुंट येतील, माथ्यापासून मानेपर्यंत, आणि कलप लावायला केसच नसतील. मग ठेकेदाराच्या माणसाचा तो हात त्यालाही बाजूला काढील. अमोलने डोळे मिटून घेतले होते.

“थांबा,” प्रतिभा म्हणाली. “त्यांना वस्तरा लावू नका. मला दिवस गेलेत.”

न्हाव्याने हात मागे घेतला. पोटुशी बाईच्या नवऱ्याच्या डोक्याला वस्तरा लावत नाहीत, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

“पोरगी बारावीला, अन् हिचं हे,” मागून एक बाई पुटपुटली.

बायकांच्या नजरा तिच्या तोंडावरून पोटावर उतरल्या. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर शिसारी होती, तिला तो अभ्रा झटकताना आली होती तशीच. अमोलच्या कानशिलांकडे आता कुणीच बघत नव्हतं.

काकांच्या पत्नी सगुणाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. “पोटुशी बाई दहाव्याला घाटावर येती का गं? लाज नाय ती नाय, अक्कल बी नाय. जा, वर जाऊन बस.”

“प्रतिभा...” अमोल ओल्या डोक्याने तिच्याकडे बघत होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर नसलेल्या पोटावरून ओढून घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि भरल्या दिवसांची बाई चढते तशी, एकेका पायरीवर दम खात, ती घाट चढू लागली.