सेरेसचा चेहरा

कार्मोसिनाने विझलेली मशाल डोक्यावर धरली आणि मान खिडकीकडे वळवली. दंड भरून आला होता.

"अजून वर," चित्रकार पोंपिलिओ म्हणाला. "मुलगी शोधायला निघालीयस, चूल पेटवायला नाही."

"शोधतेच आहे मी."

"म्हणून तर तुला बसवलंय."

नेपल्सच्या बंदराजवळ ती लोकांचे कपडे धुवायची, पोंपिलिओचेही. पाताळाच्या राजाने पळवलेल्या मुलीसाठी रानोमाळ फिरणारी धान्यदेवी सेरेस, असं चित्र एका सरदाराला हवं होतं. कार्मोसिनाची मुलगी झेझा नाताळात एका शिपायाबरोबर पळून गेली होती. शेजारणींच्या टोमण्यांनी जीव नकोसा झाला, तेव्हा कार्मोसिनाने जुनी खोलीही सोडली. इथे पोंपिलिओकडे निदान रडलं तर कुणी हसत नव्हतं.

मे महिन्यात चित्र पुरं झालं. पोंपिलिओने तिला वाइनचा पेला दिला आणि ब्रश पुसत म्हणाला,

"झेझा काप्वाला आहे. वेशीजवळच्या खानावळीत भांडी घासते. शिपायाने टाकलं तिला. आईला म्हणावं, घ्यायला ये, असा निरोप आहे. जुन्या खोलीवर तू सापडली नाहीस, म्हणून खेचरवाला इथे आला."

"कधी?"

"ईस्टरच्या आधी. उपवास चालू होते."

"दोन महिने झाले, मालक."

"चेहरा अर्धाच झाला होता गं. तुला कळलं असतं, तर तो मला पुन्हा मिळाला नसता."

तिने पेला तसाच खाली ठेवला.

काप्वाला ती चालत गेली. खानावळवालीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू तिची आई? रोज रस्त्याकडे बघत बसायची पोर. परवा गेली रोमच्या बाजूला. कुणाबरोबर, ते नको विचारूस."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, आईनेही टाकलं."

पुढच्या सोमवारी पोंपिलिओने दार उघडलं आणि तो एक पाऊल मागे सरला. दारात कार्मोसिना होती. आत जाऊन तिने मळक्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं. झेझाला ठाऊक असलेलं आणि आई सापडेल असं शहरात आता हे एकच दार उरलं होतं.

उंबऱ्यात ती थांबली. वळली नाही.

"कुणी आलं होतं का, मालक?"