नंबर नसलेल्या घरातला लॅपटॉप

मित्रांनो, अशी कल्पना करा की तुमच्या गावात एकाही घराला नंबर नाही आणि एकाही रस्त्याला पाटी नाही. तरीही पाहुणे चुकत नाहीत, औषधं पोचतात, पत्रं मिळतात. कोस्टा रिकातल्या आमच्या गावात असंच आहे. आमचा पत्ता असा: 'जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला, हिरवं फाटक.' तो कारखाना पाडून तीस वर्षं झाली. पण तो कुठे होता, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी एक जुना लॅपटॉप आहे. नऊ वर्षं मी एका शाळेच्या कचेरीत मुलांचे निकाल सांभाळले. एकही गुण इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मुख्याध्यापक बाई मला 'माझा भरवशाचा' म्हणायच्या. पुढे नवी यंत्रं आली आणि त्याच बाईंनी मला अडगळीत टाकलं. तिथून योर्लेनीने मला मागून आणलं. ती तेव्हा तांत्रिक शाळेत शिकत होती. तिने माझा पंखा साफ केला, चार्जिंगची तुटलेली पिन जोडली. मी सुरू झालो तेव्हा तिची धाकटी बहीण मारिफे टाळ्या पिटत ओरडली, "ताई, म्हातारा उठला!"

योर्लेनीला संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात पहिली नोकरी लागली. आठ महिन्यांत दुकान बंद पडलं आणि ती नवी नोकरी शोधू लागली, माझ्याच पडद्यावर. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. जाहिरातीत वर लिहिलेलं असे, 'नवशिक्यांसाठी.' खाली असे, 'तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.' अहो, नवशिक्याने तीन वर्षं आणायची कुठून? एक्केचाळीस अर्ज तिने माझ्यावर टाइप केले. अडतीस जणांनी साधं 'नाही' म्हणण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मी जुना म्हणून नको होतो, ती नवी म्हणून नको होती. मग या लोकांना हवं तरी काय?

बेचाळिसावा अर्ज एका परदेशी कंपनीला होता. लोकांच्या संगणकाच्या अडचणी घरून, फोनवर सोडवायचं काम. योर्लेनी परीक्षा पास झाली. मग शेवटचा फॉर्म आला, त्यात रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर. तिने आमचा खरा पत्ता लिहिला. चौकट लाल झाली. पुन्हा लिहिला, पुन्हा लाल.

"दोनशे आणि पन्नास, झाले अडीचशे," आई वैतागून म्हणाली. "घाल तेच!"

योर्लेनीने लिहिलं, 'बर्फ कारखाना रस्ता, घर नंबर २५०.' चौकट लगेच हिरवी झाली. खरा पत्ता लाल, खोटा हिरवा!

कामाचं सामान आणि करारपत्र घेऊन कुरिअरची गाडी आली आणि असा पत्ताच नाही म्हणून परत गेली. कंपनीचा निरोप आला, 'उद्या गाडी शेवटची येईल. सामान पुन्हा परत आलं तर नोकरी रद्द.' योर्लेनीने तीनदा लिहून खरी गोष्ट कळवली. तिन्ही वेळा एकच उत्तर, 'नोंदवलेला पत्ता बदलता येत नाही.' कुरिअरवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "कागदावर असेल तिथेच देणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे उलिसेसकाका कॉफी प्यायला आले.

"अडीचशे नंबर?" ते हसत सुटले. "अगं, सत्तर वर्षांत मी या गावात एक नंबरचं घर पाहिलं नाही. तुमचं एकदम अडीचशे?"

"हसू नका हो काका." योर्लेनी म्हणाली. "मला काम येतं. परीक्षा पास झालेय मी. आता घर सापडत नाही म्हणून घालवणार मला?"

काकांनी कप खाली ठेवला. "पण पोरी, नंबर नाही तो नाही. त्याला कोण काय करणार?"

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाला कामावर घ्यायचं, हे ठरवायची पाळी तुमच्यावरही येईल. तेव्हा तुमच्या चौकटीत मावत नाही म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. त्याला काय येतं ते बघा, आणि नाही म्हणायचं असेल तर निदान तसं कळवा.

मारिफे उठली, मागच्या अंगणातून पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आली आणि तिने फाटकावर हातभर उंचीचे आकडे काढले, २५०.

"अगं, फाटक!" आई ओरडली.

"नंबर नव्हता ना? आता आहे!"

मग तिने एक फळी घेतली, तिच्यावर 'बर्फ कारखाना रस्ता' असं रंगवलं आणि ती ओली पाटी डोक्यावर धरून जुन्या कारखान्याच्या कोपऱ्याकडे धूम ठोकली.