तासाला तीन डॉलर

जूनच्या तीस तारखेला सकाळी डेल्मर हॉस्किन्सनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉफीचा जुना डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला. दोन हजार सहाशेच्या आसपास निघतील असा त्याचा अंदाज होता. दहा वाजता त्याला थडग्याचे दगड घडवणाऱ्या अमाडोरकडे जायचं होतं. त्याची बायको अर्लीन मार्चमध्ये गेली. तिच्यासाठी दोन नावांचा करडा ग्रॅनाइट त्यानं तिथे पसंत करून ठेवला होता. किंमत चोवीसशे डॉलर.

नोटा अकराशे ऐंशीच्या भरल्या. त्यानं परत मोजल्या, डब्याचा तळ चाचपला, खुर्चीखालीसुद्धा पाहिलं. मग अमाडोरला फोन करून गाडी बिघडलीय, आज येत नाही, असं सांगितलं. गाडी दारात उभी होती आणि तिला काही झालेलं नव्हतं.

मार्चअखेरीला डब्यात एकोणीसशे होते. चोरी झाली म्हणावं तर डब्याला त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. एकटा माणूस, ट्रेलरचं घर, दाराला कुलूप. पैसे त्यानंच नेले होते, आठवड्यातले पाच दिवस, दर वेळी शंभर, आणि उरतील ते परत आणून टाकले होते.

नऊ वर्षांपूर्वी टोलेडोतल्या बोल्टच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ती दोघं नदीकाठच्या बुलहेड सिटीला आली, तेव्हापासून त्यांचा नेम एकच होता. सकाळी नऊच्या फुकट होडीनं नदी ओलांडायची, पलीकडच्या कॅसिनोत पोकरच्या खोलीत चार तास बसायचं आणि दीडच्या होडीनं घरी यायचं. खेळ तीन-सहाचा. पहिल्या दोन फेऱ्यांत तीन डॉलर लावायचे, पुढच्या दोन फेऱ्यांत सहा, आणि वाढवायचे तरी तेवढ्यानंच. अशा खेळात एका डावात कोणी कफल्लक होत नाही आणि कोणी मालामालही होत नाही. नवराबायकोनं एका टेबलावर बसणं बरं दिसत नाही म्हणून अर्लीन एका टेबलावर आणि डेल्मर दुसऱ्यावर. दोघांचे पैसे एकाच डब्यातले आणि परत जायचे ते त्याच डब्यात. कोणाचे किती, हे कधी वेगळं मांडलं नाही. डबा मोजायचा तो वर्षातून चारदाच, असा अर्लीनचा दंडक होता. रोज मोजलं की माणूस पानांकडे बघायचं सोडून पैशांकडे बघतो, असं ती म्हणायची.

मोजायच्या दिवशी दर वेळी थोडे वाढलेलेच असत. त्यातून गाडीचे टायर आले, छतावरचा कूलर आला, एकदा अर्लीनचे दात झाले. आणि दर वेळी डेल्मर टेबलावर बोट आपटून सांगायचा की बघ, लोक म्हणतात छोट्या खेळात काही सुटत नाही, पण सुटतं. कॅसिनो प्रत्येक डावातून पाच डॉलर काढून घेतो, जिंकणारा वर एक डॉलर पानं वाटणाऱ्या डीलरला देतो, ते सगळं जाऊन तासाला तीन डॉलर सुटतात. खेळता आलं पाहिजे. हे तो होडीत भेटेल त्याला सांगायचा. अर्लीन शेजारी बसून नदीकडे बघत असायची.

त्याच तीन डॉलरच्या भरवशावर त्यानं दगड ठरवला होता. तीन महिने, आठवड्याचे वीस तास, तासाला तीन. पैसे पुरून वर उरायला हवे होते.

त्यानं शर्ट बदलला नाही. तसाच नऊच्या होडीनं पलीकडे गेला. खेळायला नव्हे, मिलाग्रोसला भेटायला. मिलाग्रोस ही निवृत्त नर्स, मूळची फिलिपाइन्सची. सहा वर्षं ती अर्लीनच्या उजव्या हाताला बसत आली होती आणि अर्लीन गेल्यावर डेल्मरच्या टेबलावर येऊन बसू लागली होती. त्याला साक्षीदार हवा होता. पानं फिरली होती, दुःखात माणसाचं नशीबही रुसतं, हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

पोकरच्या खोलीच्या दारातच लॉइड भेटला. हा पूर्वी ट्रक चालवायचा, आता सात नंबरच्या खुर्चीत मुक्काम. डेल्मरला बघून तो नेहमीसारखा म्हणाला, "आला रे आला. या महिन्याचं माझं भाडं निघालं."

नऊ वर्षं डेल्मर या वाक्याला हसत आला होता. आज हसला नाही. मिलाग्रोसला हात करून त्यानं कॉफी शॉपमध्ये बोलावलं. बसलेल्या तासांवर कॅसिनो जेवणाची कुपनं देतो. त्यातल्या दोन कुपनांवर त्यानं दोन सूप घेतली आणि सांगायला सुरुवात केली. राजांची जोडी कशी तीनदा मारली गेली, एप्रिलमध्ये एका टोपीवाल्यानं शेवटच्या पानावर चौकटची पाच पानं कशी पुरी केली, मेमध्ये एक अख्खा आठवडा हातात एक्का कसा आला नाही. मिलाग्रोस सूप पीत ऐकत होती. शेवटी त्यानं डब्याचा आकडा सांगितला आणि सरळ विचारलं.

"मिली, तू शेजारी बसतेस. खरं सांग. माझी पानं वाईट होती की नव्हती?"

"पानं सगळ्यांना सारखीच येतात. आज ना उद्या."

"मग?"

"मग काय, म्हाताऱ्या. तू वाईट खेळतोस."

डेल्मर म्हणाला, अर्लीन गेल्यापासून लक्ष लागत नाही, हे खरं आहे.

मिलाग्रोसनं चमचा बशीत ठेवला. "अर्लीन जायच्या आधीपासून. मी आले तेव्हापासून शेजारच्या टेबलावरून बघतेय, तू असाच खेळतोस. दोन पानं एका रंगाची दिसली की आत. चित्र दिसलं की आत. हरलोय हे कळलं तरी सहा डॉलर टाकून बघणार, समोरच्याकडे काय आहे. लॉइड थट्टा करतो असं तुला वाटतं. तो थट्टा करत नाही रे."

"मग डबा कसा वाढायचा?"

"ती वाढवायची."

सूप गार होईपर्यंत मिलाग्रोस बोलत राहिली. अर्लीन तासाला चार, कधी साडेचार काढायची. तीसपस्तीस डावांतले चार-पाच खेळायची, बाकीची पानं न रेंगाळता टाकून द्यायची. आल्या आल्या आधी दोन्ही टेबलांवर नजर फिरवायची, कुठे हसणंखिदळणं जास्त आहे ते बघायची आणि तिथे नाव लावायची. पॉट, म्हणजे डावात जमलेली सगळी रक्कम, जिंकला तरी चेहरा तोच. चार तास एका जागी बसून काहीच न करणं तिला जमायचं. मिलाग्रोस म्हणाली की मी चाळीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, मला जमत नाही. मी बरोबरीत सुटते आणि गुडघ्यांना थंड हवा मिळते एवढ्यावर खूश असते.

डेल्मरला वेगळंच आठवत होतं. घरी येताना तो विचारायचा, काय झालं तुझं, आणि ती म्हणायची, ठीक, थोडी खाली. तो म्हणायचा, चालायचंच, मी आहे ना. तू फार पानं टाकतेस अर्लीन, तू घाबरतेस. एखाद्या दिवशी तो शंभरच्या शंभर घालवून लवकर उठायचा, तेव्हा ती हमखास म्हणायची की मला आज आणखी तासभर बसायचंय, तू जाऊन मॅच बघ. दीडची होडी चुकायची. अडीचच्या होडीत तो तिला रागवायचा, की हरलेलं काढायला म्हणून बसून राहणं हे अडाण्याचं लक्षण. ती ऐकून घ्यायची.

"तुला ती हे सगळं सांगायची?" त्यानं विचारलं.

"सांगायला कशाला हवं. डोळे आहेत मला. पण एकदा मी विचारलं तिला, नवऱ्याला का सांगत नाहीस म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कारखान्यात हाताखाली चाळीस माणसं होती त्याच्या. इथे आल्यावर सहा महिने नुसता खुर्चीत बसून होता, आंघोळीलासुद्धा ढकलावं लागायचं. आता सकाळी उठतो, दाढी करतो, माणसांत बसतो. तासाला तीन डॉलर जातात त्याचे. एवढ्या स्वस्तात नर्स तरी मिळेल का, मिली?"

मिलाग्रोस हे सांगताना हसली, कारण अर्लीन तेव्हा हसून म्हणाली होती. डेल्मर मीठदाणीकडे बघत होता. मग त्यानं विचारलं की मी तिला बोलायचो, शिकवायचो, त्याचं तिला वाईट वाटायचं का.

"नाही. ती ते मनावर घ्यायची नाही."

"खरं सांग."

"एकदा वाटलं होतं. दोन वर्षं झाली असतील. लॉइडनं तिला विचारलं, काय अर्लीन, आज तरी जिंकलीस का? आणि तू तिकडून म्हणालास, तिला नको विचारू, तिला मी पोसतो. सगळे हसले. ती पानं टाकून बाथरूमला गेली, ती अर्ध्या तासानं डीलर बदलेपर्यंत आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं."

डेल्मरनं आठवायचा खूप प्रयत्न केला. तो दिवस, ते वाक्य, लोकांचं हसणं. त्याला काहीच आठवेना. राजांची जोडी तीनदा मारली गेली, ते टेबल आणि माणसांसकट डोळ्यांपुढे होतं, आणि हे नव्हतं. तो मिलाग्रोसला म्हणाला, मी असं म्हणालो नसेन. तिनं सूपची वाटी बाजूला सारली. मग तो म्हणाला, म्हणालोही असेन.

त्या दिवशी परतीच्या होडीत लॉइड त्याच्या शेजारी येऊन बसला. डेल्मरच्या मनात होतं की याला आत्ता सांगून टाकावं, त्या घरात पोसणारं कोण होतं ते. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात लॉइड कूलरच्या पंपाचं सांगू लागला, नवा घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा, आणि नदी संपली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शंभर डॉलर घेतले आणि पुन्हा गेला. आता त्याला सगळं माहीत झालं होतं. अर्लीन करायची तसंच करायचं, आणखी काही नको. चांगली पानं आली तर खेळायची, नाहीतर टाकायची. तीन महिन्यांनी उशिरा का होईना, दगड येईल. आल्यावर त्यानंही दोन्ही टेबलं पाहिली आणि जिथे हसणं होतं तिथे बसला. पहिल्या तासात एकतीस डावांपैकी एकोणतीस टाकले. मिलाग्रोसनं भुवई उचलून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या तासात वेळ सरेना. हात मांडीवर ठेवले तर बोटं हलायची. समोर लोक हसत होते, पैशांच्या चकत्या, चिप्स, खळखळत होत्या, आणि टाकून दिलेल्या पानांवर त्याचा फ्लश, म्हणजे एका रंगाची पाच पानं, झाला असता असे दोन डाव डोळ्यांदेखत गेले. काही न करता बसलं की अर्लीन आठवायची. एखाद्या पॉटमध्ये असलं की आठवायची नाही. हे त्याला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. एवढ्यात बदामचा राजा आणि बदामची नव्वी आली. टाकायची पानं. त्याला माहीत होतं. त्यानं तीन डॉलर पुढे सारले, मग आणखी तीन, मग सहा. टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेल्या पानांत बदाम आले नाहीत, एक राजा तेवढा आला आणि नुसती राजांची जोडी लागली. शेवटी लॉइडनं सहा लावले. आपण हरलोय हे डेल्मरला कळत होतं आणि हात सहा डॉलर पुढे ढकलत होता. लॉइडनं राजा-एक्का उलटा केला, जोडी तीच आणि वर एक्का. पुढच्या अर्ध्या तासात असंच आणखी दोनदा झालं.

शेहेचाळीस डॉलर गेल्यावर तो उठला. मिलाग्रोसनं चिप्स मोजायचं सोडून त्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाली की बस जरा इथेच, खेळू नको, नुसता बस. पण खुर्ची खेळणाऱ्यासाठी असते. रांगेत तीन नावं होती आणि डीलर त्याच्याकडे बघत होता.

घरी येऊन त्यानं डब्यातले सगळे पैसे पाकिटात भरले आणि तडक गाडी काढून अमाडोरकडे गेला. उद्यावर टाकलं असतं तर उद्या नऊला होडी होती. अमाडोर दमलेला, सभ्य माणूस होता. तुमची गाडी दुरुस्त झाली वाटतं, असं तो म्हणाला आणि त्यानं पैसे मोजून घेतले. चार डॉलर डेल्मरनं पेट्रोलसाठी ठेवले. अकराशे तीस भरले.

अमाडोरनं त्याला समजावलं की एवढ्यात एका नावाची लहान, जमिनीलगतची पाटी आजच पक्की करता येईल, दोन आठवड्यांत बसेल. दोन नावांचा मोठा दगड हवा असेल तर निम्मे पैसे आल्याशिवाय तो दगड मागवत नाही, आणि निम्म्याला अजून सत्तर कमी आहेत.

"माझं ऐका, हॉस्किन्स. लहान पाटी वाईट दिसत नाही. बाईंचं नाव तरी लागेल."

डेल्मर म्हणाला, तिला एकटीची पाटी नको होती. तिची एवढी एकच गोष्ट होती, तीन-चार वेळा बोलून दाखवलेली, आणि ती मला आठवतेय. अमाडोरनं पावती केली.

आता डेल्मर होडीनं जात नाही. पेन्शनमधून महिन्याला चाळीस डॉलर उरतात, ते तो एक तारखेला अमाडोरकडे पोचवतो. दिवसभर खुर्चीत बसतो. मिलाग्रोसनं दोनदा फोन केला, तो त्यानं घेतला नाही. कबरीवर दफनाच्या दिवशी रोवलेली पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावरचा कागद उन्हानं पांढरा पडला आहे आणि त्यावरचं नाव वाचता येत नाही. दगड बसवायचा राहिला आहे.