सहा खाचांपैकी दोन

"काका, तुम्ही बंदूक नेमकी कुणाला मारायला घेतलीय?"

आश्लेषानं हा प्रश्न एका दमात विचारून टाकला आणि मगच श्वास घेतला. फुटपाथवर, मेपलच्या झाडाआड, केया आणि प्रीता आपापल्या सायकली धरून उभ्या होत्या. दोघींना वाटत होतं, आपण दिसत नाही. प्रत्यक्षात केयाचं भगवं हेल्मेट अर्ध्या नोव्हाय गावाला दिसलं असतं.

सगळं सुरू झालं गिरीशकाकांच्या बायकोच्या, मालिनीकाकूंच्या, एका फोटोवरून. गुरुवारी दसरा. काकूंनी पाटावर शस्त्रपूजा मांडली आणि फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लॅपटॉप, ड्रिल मशीन, कणीक मळायचं मशीन, आणि मधोमध, झेंडूचं फूल वाहिलेलं, एक खरंखुरं रिव्हॉल्व्हर. ग्रुप दहा मिनिटं गप्प, मग एकदम अडतीस मेसेज. कुणी हात जोडले, कुणी डोळे वटारले, आणि कुणाच्या तरी आजींनी पुण्याहून विचारलं की कणकेच्या मशीनची कंपनी कुठली.

"विचार की मग," प्रीता शाळेच्या बसमध्ये म्हणाली होती. "गणपतीत माइकवर अख्ख्या मंडळाला हसवलंस ना? आता गिरीशकाकांना तोंडावर विचारून दाखव."

गेल्या वर्षीची आश्लेषा असती तर आईच्या मागे लपली असती. पण या गणपतीत निवेदन करणारी ताई आजारी पडली, माइक आश्लेषाच्या हातात आला, आणि दोन तासांनी तिला कळलं की आपला आवाज आपल्याला चक्क आवडतो. तेव्हापासून ती घरीदारी बोलतच सुटली होती. फक्त एका प्रश्नावर तिची बोलती अजूनही बंद व्हायची. शाळेचा फॉर्म. दुसऱ्या सेमिस्टरचा एक तास स्वतःच्या आवडीनं निवडायचा होता आणि सोमवारी सकाळी फॉर्म द्यायचा होता. बाबांनी त्या चौकटीत पेन्सिलीनं, हलक्या हातानं, 'ॲडव्हान्स्ड कोडिंग' लिहून ठेवलं होतं. "तुला दुसरं काही हवं असेल तर सांग ना," ते म्हणाले होते, अगदी प्रेमानं. तीच तर पंचाईत होती. सांगायला काही नव्हतं. कोडिंग नको एवढंच तिला माहीत होतं, आणि 'नको' काही चौकटीत लिहिता येत नाही.

गिरीशकाका गॅरेजमध्ये टेबलाशी बसले होते. कपाळावर चष्मा, हातात कानस. प्रश्न ऐकून त्यांनी कानस खाली ठेवली.

"कागदाला," ते म्हणाले.

"हं?"

"कागदाला मारायला घेतलीय. गोल गोल रेघा असतात ना त्या. अकोल्याला जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचो मी. फुगेवाला मला बघितलं की दुकान बंद करायचा. इथे ऑफिसातला एक जण नेमबाजीच्या रेंजवर जातो, म्हटलं बघू, अजून जमतं का." मग त्यांनी फुटपाथकडे मान वळवली. "आणि त्या झाडामागच्या दोघींना सांग, आत आल्या तरी चालेल. आधी आयांना फोन लावतो."

आयांना फोन म्हटल्यावर दोन्ही सायकली अशा पळाल्या की बोलायची सोय नाही.

आश्लेषाला खरं तर आता जायला हरकत नव्हती. पैज जिंकली होती. पण तिची नजर टेबलावर अडकली. जुनं, निळसर काळं पोलाद, लाकडी मूठ, आणि पोटाशी ते गोल सिलिंडर. शेजारी जाडजूड वही, टॉर्च, टूथपिकांचा डबा, आणि बॅगा तोलायचा तो हूकवाला काटा, जो प्रत्येक मराठी घरात भारतात जायच्या आदल्या दिवशी बाहेर निघतो.

"काका, याचं काय काम इथे?"

"दाखवू? थांब." काकांनी खरंच तिच्या बाबांना फोन लावला. स्पीकरवर बाबांचा आवाज आला, "रिकामं आहे ना ते?"

"अहो दिगंबरराव, गोळ्या घरातच आणत नाही मी. रेंजवर घ्यायच्या, तिथेच संपवायच्या."

"तरी पण. रिकामं आहे ना?"

मग काकांनी रिव्हॉल्व्हरच्या बाजूचं छोटं दार उघडलं आणि सिलिंडर एकेक घर फिरवत गोळ्यांची सहाही घरं तिला दाखवली. सहा वेळा, आरपार उजेड. "आता तू मोज," ते म्हणाले. तिनंही मोजली. बंदुकीचं तोंड कायम कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या खोक्याकडे, बोट चापावर कधीच नाही, हे दोन नियम त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. शाळेत कुणी इतक्या वेळा वदवून घेतलं असतं तर तिनं डोळे फिरवले असते. इथे तिला ते आवडलं.

"हे जुन्या पद्धतीचं. दर वेळी हा मागचा घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा. घोडा मागे येताना सिलिंडर एक घर पुढे सरकतं, आणि खालून एक छोटी खिटी वर येऊन खाचेत बसते. बघ, बाहेरून दिसतात खाचा, सहा घरांना सहा. खिटी बसली की सिलिंडर हलता कामा नये. मग चाप. चाप फक्त घोडा सोडतो, बाकी काही करत नाही."

"आणि काटा?"

काकांनी काट्याचा हूक चापाला अडकवला, घोडा मागे ओढून अंगठ्यानं धरून ठेवला आणि काटा हळूहळू ओढला. टक्. घोडा त्यांनी अलगद खाली सोडला. आकडा आला चार पौंड आणि थोडं वर.

"म्हणजे ठीक?"

"चाप एकदम ठीक. मुठीचा स्क्रू सैल होता, तो बसवला. लाकडाला जवसाचं तेल पाजणार आहे. पण..." काकांचा चेहरा पडला. "सिलिंडरनं घात केला. गंडवलं मला दुकानदारानं. घोडा पूर्ण मागे ओढल्यावरही मधूनच सिलिंडर हातानं हलतं. खिटी झिजलीय."

"दुकानात नाही बघितलं?"

काका कानस चाळवत राहिले. "बघितलं, म्हणजे, दोनदा खटखट केलं. आजूबाजूला सहा फुटी टोपीवाले उभे. त्यांच्यासमोर मी एकेक घर मोजत बसलो असतो तर म्हणाले असते, आला नवशिक्या. मग मीही त्यांच्यासारखं नुसतं 'नाइस' म्हटलं आणि कार्ड काढलं." त्यांनी सुस्कारा सोडला. "जुना माल परत घेत नाहीत. आता खिटी काढतो आणि घासून बसवतो. जास्त घासली गेली तर मात्र गेलीच. पोलाद परत चिकटवता येत नाही."

आश्लेषाला एकदम त्या कानशीची भीती वाटली. पेन्सिल खोडता येते. हे खोडता येणार नव्हतं.

"मधूनच हलतं म्हणजे कुठल्या घराला?"

"मधूनच गं. कधी हलतं, कधी नाही."

"काका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तो माइकवरचा आवाज आपोआप आला, "तुम्ही गाड्यांच्या कंपनीत क्वालिटी बघता ना? तिथेही नंबर न घालता टेस्ट करता?"

काकांनी कागदी चिकटपट्टी तिच्याकडे सरकवली.

तिनं नखाएवढे सहा तुकडे कापले, एक ते सहा लिहिले, घरांच्या बाहेर चिकटवले. मग काकांनी घोडा ओढायचा, अगदी सावकाश, आणि तिनं दोन बोटांनी सिलिंडर हलवून बघायचं. एक, पक्कं. दोन, हललं. तीन, हललं, जास्तच. चार पक्कं. पाच पक्कं. सहा पक्कं. वहीत लिहिलं. परत पहिल्यापासून. दोन आणि तीन. परत. दोन आणि तीन.

बाहेर कुणाचा तरी लीफ ब्लोअर घूं घूं करत होता. आश्लेषा त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि तिनं दोन आणि तीनभोवती गोल काढले; कोडिंगच्या तासाला ती अशी कधीच रमली नव्हती.

"काका, खिटी किती?"

"एक."

"आणि खाचा?"

"सहा, पण त्याचं काय..."

"अहो मग खिटी झिजली असती तर सगळ्याच घरांना हललं असतं ना? ती बिचारी सहाही ठिकाणी तीच जाते! चार ठिकाणी ती नीट बसतेय. म्हणजे खिटीला काही झालेलं नाही. भानगड दोन आणि तीनच्या खाचेत आहे!"

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. टॉर्च पेटवला. खाचांत तेलाचा काळपट थर दिसत होता, सगळ्याच घरांना थोडाथोडा. "पुसलंय मी तेलाच्या फडक्यानं," ते पुटपुटले, "चांगलं घासून पुसलंय."

"टूथपिक घेऊ?"

"घे."

तिनं चौथ्या घराच्या खाचेत टूथपिक फिरवली. टोकाला नुसता तेलाचा ओलावा. मग दुसऱ्या घराच्या खाचेत. इथे टूथपिक आत रुतली. घट्ट, मेणासारखं काहीतरी. तिनं कोपऱ्यातून ते उकरलं आणि टोक उजेडात धरलं.

लाल.

"गंज!" काका ओरडले. "गंजलेलं दिलं मेल्यानं!"

पण आश्लेषानं ते बोटांत चोळलं. बोटं लालभडक झाली, आणि मध्ये एक पिवळी रेघ. तिनं वास घेतला. हा वास तिला पक्का माहीत होता. देवघरातल्या त्या स्टीलच्या दोन वाट्या.

"काका," ती हसायला लागली, आणि हसू आवरेना म्हणून तिला टेबल धरावं लागलं, "गंजाला हळदीचा वास येतो का?"

काकांनी तिची बोटं हुंगली. मग घराच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "मालिनीऽऽ!"

मालिनीकाकू हातातलं पोळ्यांचं फडकं तसंच घेऊन आल्या. "काय झालं? उडाली की काय?"

"दसऱ्याला हिला हळदकुंकू कुठे लावलंस?"

"कुठे म्हणजे? वर. लॅपटॉपला लावलं, ड्रिलला लावलं, तसं हिलाही. पाटावर आडवी ठेवली होती, जो भाग वर आला त्याला चांगली दोन बोटं ओढली." काकूंनी पदराइतक्याच सवयीनं फडकं खांद्यावर टाकलं. "वर्षाचा सण, कंजूषपणा कशाला?"

"आणि नंतर मी तेलाच्या फडक्यानं पुसली," काका सावकाश म्हणाले, जणू साक्ष देत होते, "म्हणजे ते सगळं खाचांत नीट चेपून बसवलं."

"मग माझं काय चुकलं?" काकू म्हणाल्या. "दिसत होतं तेवढं पुसायचं, आणि दुकानदाराला शिव्या द्यायच्या. त्यापेक्षा आधी मला विचारायचं."

दोन खाचा साफ करायला वीस मिनिटं लागली. काकांनी सिलिंडर बाहेर काढून दिलं आणि बाजूला बसले. जुना टूथब्रश, चार टूथपिका, थोडं सॉल्व्हंट, आणि आश्लेषाचा श्वास रोखलेला. कोपऱ्यात शेवटचा कण होता, भिंगातून मोहरीएवढा दिसणारा. तो निघाला तेव्हा खाचेच्या कडा इतक्या सरळ, इतक्या स्वच्छ दिसल्या की तिला प्रश्न पडला, ही कापली कशी असेल? कुठल्या मशीननं? एवढ्या गोल वस्तूवर बरोबर सहा ठिकाणी, सारख्या अंतरावर?

"मिलिंग मशीन," काका म्हणाले. "आणि खाली एक फिरणारी तबकडी. एक घर कापायचं, साठ अंश फिरवायचं, पुढचं कापायचं. तुमच्या शाळेतसुद्धा असेल. मशीन शॉप असतं ना इथल्या शाळांमध्ये, यंत्रांवर धातू कापायला शिकवतात ते?"

होतं. जिमच्या मागे. दाराला काच होती आणि काचेतून निळे एप्रन दिसायचे. आश्लेषा दोन वर्षं त्या दारावरून जात होती. तिला वाटायचं, ते दुसऱ्या मुलांसाठी असतं. कुठल्या दुसऱ्या, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

सिलिंडर परत बसलं. काकांनी घोडा ओढला. एक, पक्कं. दोन. आश्लेषानं दोन बोटांनी हलवलं. मग जोर लावून हलवलं. जागचं हललं नाही. तीन. नाही. सहा घरं, तीन फेऱ्या, अठरा वेळा तिनं वहीत 'पक्कं' लिहिलं. खरं तर दहाव्या वेळीच दोघांना कळलं होतं, पण थांबावंसं वाटेना.

काकांनी कानस उचलली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. "पुढच्या दसऱ्याला हिच्यावर नुसतं फूल," ते म्हणाले. रिव्हॉल्व्हर तिजोरीत गेलं, कुलूप लागलं. काकूंनी आश्लेषाच्या लाल बोटांत तसाच गरम पोळीचा तूपसाखरेचा रोल दिला.

घरी येताना केयाचे चौदा मेसेज आले होते. 'काय म्हणाले??' 'जिवंत आहेस का??' आश्लेषानं लिहिलं, 'कागदाला,' आणि फोन खिशात टाकला. बाकीचं लिहायला फार वेळ लागला असता.

आई जेवणाच्या टेबलावर कढीपत्ता निवडत होती. बाबा चहा गाळत होते. तिनं बॅगेतून फॉर्म काढला, खोडरबर काढलं आणि उभ्या उभ्याच चौकट खोडायला लागली. कागदावर एक फिकट लाल ठसा उमटला.

"हाताला काय लागलंय गं?" बाबांनी विचारलं.

"कुंकू. रिव्हॉल्व्हरमधलं."

चहा गाळणीतून ओट्यावर गेला. आई म्हणाली, "कशातलं?"

"सांगते, सगळं सांगते, पण आधी हे ऐका, कारण हे सांगताना मला कुणी मध्ये बोललेलं नकोय." आश्लेषानं खोडरबर ठेवलं आणि पेन घेतलं. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, दुसरं काही हवं असेल तर सांग? मी दुसऱ्या सेमिस्टरला मशीन शॉप घेतेय."